भाऊ

आजी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं नाव घेत नसे. ‘भाऊ’ म्हणे, जणू माहेरचंच माणूस. आजोबा मात्र ‘खाणवाले’ म्हणत, तेही कौतुकानं. फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर सगळेच मुंडकार. घर आपलं, खालची जमीन भाटकाराची. पावसाआधी छपराचा वासा बदलायचा, तरी आजोबा आधी भाटकाराच्या पायरीशी जाऊन उभे राहत. नारळ पाडायला बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. मजुरी विचारायची पद्धत नव्हती.

भाऊ पेडण्याचे, जन्म १९११ चा. पोर्तुगीज अमदानीतच खाणमालक झाले. महायुद्धानंतर जपानला गोव्याचं लोहखनिज हवं होतं. ट्रक भरून नदीवर, तिथून बार्जींतून मुरगावला. त्यांची श्रीमंती भाटाबेसांतली नव्हे, डोंगराच्या पोटातली. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कुळांची बाजू घेताना त्यांना स्वतःच्या माडांची काळजी करावी लागली नाही. ‘दुसऱ्याच्या जमिनीवर उदार’, असं भाटकार चिडून म्हणत. त्यात अगदीच खोटं होतं असं नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह. गोव्यातल्या २८ पैकी १४ जागा मिळाल्या. दिल्लीत राज्य करणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही नाही! भाऊ स्वतः उभेच नव्हते. मुख्यमंत्री झाले आणि मग पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून मताला गेली. रांगेत भाटकारीणबाई तिच्या मागे उभ्या होत्या. मत कुणाला दिलं यापेक्षा हीच गोष्ट ती जास्त रंगवून सांगे.

१९६४ मध्ये कूळ कायदा आला. गावोगाव मराठी शाळा निघाल्या. वडील पहिली शिकले ते देवळाच्या सभामंडपात.

मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. भाऊंना गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायला हवा होता. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरण ३४ हजारांवर मतांनी हरलं. आमच्या घरात आजीनं विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, आजोबांनी वेगळ्या गोव्याच्या दोन पानांवर. सिंहाचा माणूस दोन पानांवर कसा गेला, यावरून वाड्यात बोलणी झाली. आजोबांचा हिशेब सरळ होता : ‘मुंबईचं राज्य आलं की भाऊच दुसऱ्याच्या पायरीशी उभे. मग आम्ही कुणाकडे जायचं?’ मार्चमध्ये पुन्हा निवडणूक लागली. तेव्हा दोघांचीही मतं सिंहाला, आणि भाऊ पुन्हा मुख्यमंत्री.

१२ ऑगस्ट १९७३ ला पदावर असतानाच ते गेले. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आणि जमीन कुळाच्या मालकीची करणारी दुरुस्ती १९७६ ची. दोन्ही त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. हे मी आजीला कितीदा समजावलं! ती ऐकून घेई आणि म्हणे, ‘ती बापायचेंच काम करता.’