नारिंगी पट्टीची कुळकथा

लग्नातल्या जुन्या रंगीत रोलची नारिंगी पट्टी स्कॅन करून फोटोशॉपमध्ये उघडली आणि कंट्रोल-आय दाबलं, की उलट्याचं सुलट होतं. पण नवरा-नवरी निळसर पडतात. फिल्म खराब झाली असं समजून लोक नाद सोडतात. बहुतेकदा फिल्म ठणठणीत असते.

हे उलटवणं विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटचं. कागद पारदर्शक असेल तर पहिल्या चित्रावरून दुसरं काढता येईल आणि त्यात छायाप्रकाश पालटतील, असं त्याने फेब्रुवारी १८३५मध्ये वहीत टिपलं. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी या आपल्या घराच्या खिडकीची निगेटिव्ह त्याने मिळवली. जेमतेम टपाल तिकिटाएवढी. पण भिंगातून सुमारे २०० तावदानं मोजता येत, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे.

कृष्णधवल फिल्मला आजही तेवढीच युक्ती पुरते. रंगीत फिल्मची गोष्ट निराळी. तिच्यातली रंगद्रव्यं शुद्ध नसतात: किरमिजी रंग हिरव्या प्रकाशाबरोबर थोडा निळाही गिळतो. यावर कोडॅकच्या वेस्ली हॅन्सनने १९४०च्या दशकात काढलेला तोडगा मला रंगीत छायाचित्रणातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. किरमिजी रंग घडवणारं रसायनच त्याने पिवळं ठेवलं. रंग जिथे घडतो तिथे हा पिवळेपणा जातो, घडत नाही तिथे उरतो. निळसर थरातही असंच, फक्त तिथलं रसायन लालसर. त्यामुळे जागोजागी कमीजास्त असलेला दोष फिल्मभर सारखा पसरतो. तोच हा नारिंगी रंग. डार्करूममध्ये रंगीत कागद आणि एन्लार्जरचे फिल्टर त्याचा हिशेब चुकता करत.

संगणकावर तो आपण चुकता करायचा. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर निव्वळ नारिंगी असतो. स्कॅनरची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवून १६ बिटचा, शक्यतो लिनिअर स्कॅन घ्यावा. त्या पट्टीचे लाल, हिरवा, निळा हे आकडे घेऊन प्रत्येक चॅनलला आपापल्या आकड्याने भागावं आणि मगच उलटवावं. वजाबाकी करून भागत नाही, कारण प्रकाश एकामागून एक थरांतून जाताना दर थराला त्याचा ठरावीक हिस्साच पुढे जातो. राहिलेलं काम लेव्हल्समध्ये, प्रत्येक चॅनलचं वेगळं.

पुष्कळ दुकानांत स्कॅन करून देताना नेमकी ही कोरी पट्टीच कापून टाकतात. आधीच बजावून सांगावं: टिफ फाइल हवी, आणि कडेसकट.