२८२ गुणांची शिष्यवृत्ती

मराठी घरात 'स्कॉलरशिप' हा शब्द पहिल्यांदा येतो तो एका परीक्षेचे नाव म्हणून. पूर्वी चौथीला आणि सातवीला, पुढे पाचवीला आणि आठवीला. जाडजूड मार्गदर्शके, बुद्धिमत्ता चाचणीचे जादा तास, रविवारचे सराव पेपर, आणि निकालानंतर शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेली नावे. त्या परीक्षेतून मिळणारी रक्कम वर्षानुवर्षे इतकी किरकोळ होती की ती कोणी मोजलीच नाही. मोजला तो मान. 'आमची स्कॉलरशिपला बसली' आणि 'आमची स्कॉलरशिपमध्ये आली' या दोन वाक्यांत पैशाचा उल्लेखही नसतो.

हा संस्कार पुढे कॉलेजच्या वयातही पाठ सोडत नाही. मूल अभियांत्रिकीला किंवा परदेशी विद्यापीठात जाते, तेव्हा शिष्यवृत्तीकडे आपण त्याच फळ्यावरून पाहतो. त्यातून एक मत तयार झाले आहे. ते इतके सर्वमान्य आहे की त्याला मत म्हणावे असेही कुणाला वाटत नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडू.

तो असा : शिष्यवृत्ती ही हुशारीची पावती आहे. ती गुणांवर द्यावी, गरजेवर दिली की तिची खैरात होते. गरज मोजायला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि दाखला खोटा निघू शकतो. गुणपत्रिका खोटी निघत नाही. शिवाय फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही. ज्याला शिकायचे आहे तो कर्ज काढून शिकेल.

हे मत मांडणारी माणसे दुष्ट नसतात. बरीचशी स्वतः कष्टाने शिकलेली असतात आणि त्यांच्या बोलण्यातला एक भाग खराही आहे; त्याकडे पुढे येईनच. पण मुळातला सिद्धान्त चुकीचा आहे.

पहिली चूक आहे ती दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ करण्याची. विद्यार्थी पात्र आहे का, हा एक प्रश्न. त्याला शिकणे परवडते का, हा दुसरा. पहिल्याचा निवाडा प्रवेशाच्या दारात होतो. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्क-सवलती पाहा. त्या मिळण्यासाठी विद्यार्थी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटीच्या गुणवत्ता यादीतून आलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून आलेल्याला त्या नाहीत. याचा अर्थ असा की सवलत घेणारा मुलगा गुणवत्ता सिद्ध करूनच आत आला आहे, आणि गुणवत्ता यादी बाजूला ठेवून जास्त पैसे मोजणाऱ्याला ही मदत मिळतच नाही. मग पुन्हा 'गुणांवर द्या' म्हणणे म्हणजे एकाच परीक्षेचे शुल्क दोनदा वसूल करणे. आत आलेल्या पोरासमोर उरतो तो फक्त दुसरा प्रश्न : फी कोण भरणार, खोलीचे भाडे कोण देणार, मेसचा डबा कसा येणार?

शब्दांचा घोळही इथेच आहे. फी माफ होणे किंवा सरकारने ती कॉलेजला परत देणे ही शुल्क प्रतिपूर्ती. कॉलेजच्या खिडकीवर तिला 'फ्रीशिप' म्हणतात. राहण्या-खाण्यासाठी हातात मिळतो तो निर्वाह भत्ता. स्पर्धेत पहिले आल्याबद्दल मिळते ते पारितोषिक. तिन्ही गोष्टींना आपण 'स्कॉलरशिप' म्हणतो आणि मग तिसरीचा नियम पहिल्या दोघींना लावतो.

'आम्हा ओपनवाल्यांना काहीच नाही' ही तक्रारही याच घोळातून जन्मते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गासाठीच आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्या योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, त्याच उत्पन्न मर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ज्या घरात ही सवलत पोहोचते, त्याच घरात कधी कधी 'फुकटे' हा शब्दही ऐकू येतो. आपल्याला मिळते ती सवलत आणि शेजाऱ्याला मिळते ती खैरात, असा हा हिशेब आहे.

आता गुणांची कसोटी इतिहासावर घासून पाहू.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३७.६ टक्के. परळच्या चाळीतल्या एका खोलीत त्याचे कुटुंब राहत होते. वडिलांची पुढे शिकवण्याची जिद्द होती, ऐपत नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासमोर नेले. महाराजांनी त्याला प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. १९१३ साली त्याच बडोदा संस्थानाने त्याला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

त्या काळचे गुण आणि आजचे गुण एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे मला मान्य आहे. तेव्हा मॅट्रिक होणे हेच मोठे होते, आणि अस्पृश्य मानलेल्या घरातून होणे त्याहून कितीतरी मोठे. पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. आकडा कोणत्या परिस्थितीतून आला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. सयाजीरावांनी ते विचारले. आपण विचारत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली महाराष्ट्रात 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' सुरू झाली. तिच्या मूळ अटींत किमान ६० टक्के गुण मागितले होते. ज्यांचे नाव योजनेला दिले, त्यांचीच गुणपत्रिका त्या अटीत बसली नसती. शिष्यवृत्तीला पावती समजण्याचा संस्कार किती खोल गेला आहे, याचा याहून बोलका पुरावा नको.

गुणवत्तावादी इथे परदेशाकडे बोट दाखवतात : 'अमेरिकेत बघा, फक्त टॅलेंट पाहतात.' तर अमेरिकेतच बघू. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगची आठही विद्यापीठे पदवीच्या विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथली मदत फक्त गरजेवर असते. कारण सरळ आहे : तिथे प्रवेश मिळालेला प्रत्येकजणच गुणवंत, मग गुणांवर पैसे द्यायचे तरी कुणाला आणि कशासाठी? पुण्या-मुंबईतले एखादे मूल पदवीसाठी 'स्कॉलरशिपवर हार्वर्डला गेले' असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा खरे तर सांगत असतो ते एवढेच, की हार्वर्डने त्या कुटुंबाची मिळकत तपासली आणि पूर्ण खर्च त्यांना झेपणार नाही असे ठरवले. इथे ज्याला खैरात म्हणतो, तेच तिथे गेल्यावर आपण पेढे वाटून साजरे करतो.

आता पूर्वपक्षातला खरा भाग. उत्पन्नाचे दाखले खोटे असतात का? काही असतात. नोकरदाराचे उत्पन्न फॉर्म १६ मध्ये पै-पैशासह नोंदलेले असते. व्यापाऱ्याचे, बागायतदाराचे तसे नसते. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावरचा आकडा आणि दारातली गाडी यांचा मेळ बसत नाही, हे गावात सगळ्यांना दिसते. ही चीड योग्य आहे. पण तिचा निष्कर्ष चुकतो. काटा मारणारा दुकानदार सापडला तर आपण तराजू दुरुस्त करतो. धान्य तोलणेच बंद करा असे म्हणत नाही. आणि गुणपत्रिका तरी किती निर्मळ? तिच्यात क्लासची फी, घरातली स्वतंत्र खोली, इंग्रजी बोलणारे आईबाप, हे सगळे मिसळलेले असते. ते कुठे नोंदवलेले नसते, एवढाच फरक.

दाखल्याचा खरा दोष वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या बहुतेक योजनांत मर्यादा ही रेघ नसते, कडा असतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख रुपये. उत्पन्न २ लाख ४९ हजार असेल तर फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही. २ लाख ५१ हजार झाले की महाराष्ट्रात फीची सवलत राहते, भत्ता जातो. दोन हजारांच्या पगारवाढीने घराची ऐपत अशी एका रात्रीत बदलत नाही. त्याच वेळी 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' ठरण्याची मर्यादा ८ लाख आहे. एकाच राज्यात दुर्बलतेच्या दोन व्याख्या, आणि त्यांच्यात साडेपाच लाखांचे अंतर! ही विसंगती गरज मोजल्यामुळे आली नाही. गरज ढोबळपणे मोजल्यामुळे आली.

नीट मोजता येते, याचे उदाहरण घरातच आहे. २०१६ साली आयआयटींनी शिक्षण शुल्क वर्षाला ९० हजारांवरून २ लाखांवर नेले. पण त्याबरोबर पायऱ्याही बांधल्या : अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी, १ लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांना पूर्ण माफी, आणि १ ते ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी. कड्याच्या जागी जिना आला. पायऱ्या आणखी हव्यात, पण रीत हीच.

राहिला शेवटचा आक्षेप : फुकट मिळाले की किंमत राहत नाही. आधी हे 'फुकट' किती, ते पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार बीए, बीएस्सी, बीकॉम अशा पदवीसाठी घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता आहे वर्षाला ३,००० रुपये. दिवसाला जेमतेम आठ रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००. दुसरीकडे स्वाधार योजनेने मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहण्या-खाण्याचा खर्च वर्षाला ६०,००० धरला. दोन्ही आकडे सरकारी. दोन्ही एकाच विद्यार्थ्याच्या पोटाबद्दलचे.

आणि हे आठ रुपयेही वाट पाहायला लावतात. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मध्ये वर्ष वाया गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, तिथून सुटला की विभागाच्या. आधारशी बँक खाते जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही जमा होत नाही. तोवर परीक्षेचा अर्ज येतो आणि कॉलेज फी मागते. इतके करून मिळालेल्या पैशाची किंमत त्या पोराला कळत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा तो अर्ज स्वतः भरून पाहावा.

फीपेक्षा पोट आणि पाठ टेकायला जागा हाच मोठा अडसर असतो, हे शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. म्हणून कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चा दाखला मदतीच्या विरोधात दिला जातो. पण तिथली पोरे कमवत होती ती संस्थेने दिलेल्या छपराखाली राहून. स्वावलंबनालाही आधी एक छप्पर लागते.

म्हणून सिद्धान्तपक्ष असा : शिष्यवृत्ती हा पुरस्कार नव्हे, शिक्षणाच्या खर्चातला तो समाजाचा वाटा आहे. पात्रता प्रवेशाने ठरावी, वाटा ऐपतीने. वाटा ठरवताना फीबरोबर राहणे-खाणेही धरावे, मर्यादेला जिना असावा, आणि पैसे सत्र सुरू होताना मिळावेत. गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. पण सत्काराच्या शालीने कुणाचे भाडे भागत नाही.

फुकट दिलेल्याचे चीज होते का, याचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी एक खातेवही उघडून ठेवतो. बडोद्याच्या करारानुसार आंबेडकरांनी संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची होती. १९१७ साली ते रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, आणि ते मुंबईला परतले. करारापुरते पाहिले, तर बडोद्याची ती रक्कम बुडाली. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झालेल्या त्याच माणसाने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. सरकारने त्यासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. ती आजही चालू आहे.