लष्करी रायफलीचे नागरी रूपांतर आणि भंडारा जिल्हा

लढाईसाठी घडविलेले शस्त्र लढाई संपल्यावर कोणाच्या हाती जाते आणि कोणत्या रूपाने, हा प्रश्न केवळ शस्त्रविद्येचा नाही. राज्यसंस्था आणि नागरिक यांच्या संबंधांचाही तो आहे. युरोप-अमेरिकेत फाजील ठरलेल्या लष्करी रायफली हौशी कारागिरांनी विकत घेतल्या आणि घरच्या कार्यशाळेत त्यांपासून शिकारीच्या रायफली तयार केल्या. हिंदुस्थानातही हे रूपांतर झाले. पण ते सरकारी कारखान्यात झाले. धान, तलाव आणि अरण्य यांनी व्यापलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या संदर्भात या फरकाचा विचार केला, तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्याची एक खूण मराठी भाषेतही उमटलेली आहे.

प्रथम या रूपांतराचे स्वरूप पाहिले पाहिजे. रायफलीचा गाभा म्हणजे तिची ‘अ‍ॅक्शन’ : काडतूस नळीत सारणारा, बार उडताना नळीचे मागील तोंड घट्ट बंद ठेवणारा आणि रिकामा कोश बाहेर फेकणारा भाग. दाराला जसा अडसर तसा येथे बोल्ट. हा भाग घडविण्यास उत्तम पोलाद व अचूक यंत्रे लागतात. एकट्या कारागिराच्या आवाक्यातील ते काम नव्हे. दस्ता व नळी मात्र बदलता येतात. दोन महायुद्धांनंतर माउझर, स्प्रिंगफील्ड, ली-एनफील्ड या रायफली मोठ्या संख्येने स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा हौशी कारागिरांनी त्यांचा गाभा तेवढा राखला. जड लष्करी लाकूड काढून अक्रोडाचा दस्ता बसवावा, दुर्बीण बसावी म्हणून बोल्टची मूठ वाकवावी, पुष्कळदा नळीही नवी घालावी, असा हा उद्योग असे.

हा छंद निर्धोक नव्हता. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात तयार झालेल्या १९०३ च्या नमुन्याच्या रायफलींपैकी ८,००,००० च्या आतील क्रमांकाच्या पुष्कळ रायफलींचे पोलाद ठिसूळ निघाले. पोलादाला पाणी देताना त्याची उष्णता रंगावरून, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी अजमावली जात असे, हे त्याचे कारण होय. त्यामुळे हाती आलेला गाभा कोणत्या काळचा आहे, हे ओळखणे ही या छंदातील पहिली विद्या ठरली.

शिकाऱ्याची आणि शिपायाची बंदूक इतकी जवळ येणे ही गोष्ट तशी अलीकडची आहे. मध्य प्रांतात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने शिकारी रायफलीवर १८६३ मध्ये ग्रंथ लिहिला. लांब पल्ल्याची लष्करी रायफल जंगलातील जवळच्या शिकारीस योग्य नाही, तेथे मोठ्या व्यासाची, गोल गोळीची रायफल हवी, असा त्याचा आग्रह होता. पुढे फ्रान्सने १८८६ मध्ये बिनधुराची दारू लष्करात आणली, बोल्टची रायफल सर्वत्र रूढ झाली आणि हे अंतर मिटले. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, तिची अ‍ॅक्शन माउझरची होती. तिचे काडतूसही ७ मि.मी. माउझर हे लष्करी काडतूसच होते. इंग्रज बंदूककाराने त्याला केवळ नवे नाव दिले होते.

ही जवळीक हिंदुस्थान सरकारला धोक्याची वाटली, हे स्वाभाविक होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे आधीच गुन्हा ठरविले होते. १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफलींची आयातही बंद झाली. कारण मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचा व्यास तोच होता आणि शिकारीच्या गोळ्या बंडखोरांच्या उपयोगी पडतील अशी भीती होती. इंग्रज बंदूककारांनी लागलीच .४७० आणि .४६५ असे नवे व्यास बाजारात आणले. लष्कराच्या .३०३ काडतुसाबाबतही हेच घडले. ली पद्धतीची अ‍ॅक्शन नागरिकाला देण्यास हरकत नव्हती, मात्र .३०३ चे काडतूस त्याच्या हाती पडता कामा नये. म्हणून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने त्याच अ‍ॅक्शनवर .३१५ व्यासाची रायफल हिंदुस्थानासाठी काढली. दोहोंच्या नावांत इंचाच्या बारा सहस्रांशांचाच फरक; परंतु एकाचा पितळी कोश ५६ मि.मी. लांबीचा, तर दुसऱ्याचा ५० मि.मी. लांबीचा. विशेष हे की .३१५ चे काडतूस ऑस्ट्रियाच्या मॅनलिचर या लष्करी काडतुसावरूनच घेतलेले आहे. आक्षेप लष्करी काडतुसाला नव्हता, तर स्वतःच्या लष्कराच्या काडतुसाला होता.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था मोडली नाही. उलट ती पूर्णपणे देशी झाली. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एनफील्डच्या अ‍ॅक्शनवर .३१५ ची शिकारी रायफल तयार केली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथे होऊ लागली. अन्यत्र हौशी कारागीर जे काम करीत, ते येथे शासनाने केले. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतर या व्यवसायांना परवाना लागतो. घरगुती छंदाला त्यात वाव उरला नाही. परंतु कायद्याची ही रेघ अभेद्यही ठरली नाही. पुढे उत्तर हिंदुस्थानात बेकायदा गावठी पिस्तुले याच .३१५ काडतुसासाठी घडविली जाऊ लागली, कारण नागरिकांना मिळू शकणारे काडतूस तेच होते.

भंडारा जिल्हा १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबर इंग्रजी अमलाखाली आला. नागझिरा व नवेगावची अरण्ये १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात मोडत. येथील धानशेतीला रानडुकरांचा उपद्रव जुना आहे. अशा शेतकऱ्याला कायदा काय देतो, हे पाहण्याजोगे आहे. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा विचार केलेला आहे. ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रायफलीचा तेथे उल्लेख नाही. अर्थात बोल्टची रायफल शिकाऱ्याची आणि पीक राखणाऱ्याची ठासणीची, असे दोन काळ एकाच कायद्याखाली शेजारी-शेजारी नांदले. १९६४ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे आयुधनिर्माणी उभी राहिली. लष्करासाठी स्फोटके व प्रणोदक दारू जिल्ह्यातच तयार होऊ लागली. शेतकऱ्याच्या बंदुकीविषयीचे कलम मात्र तेच राहिले.

याची साक्ष शब्द देतात. ठासणीच्या बंदुकीचे अवयव मराठीने घरचे करून घेतले आहेत : घोडा, चाप, कान, माशी, दस्ता. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांकडून आले; पण ते शब्द रुळले आणि त्यांच्याभोवती बार भरणे, ठासणे, नेम धरणे अशी क्रियापदे जमली. रायफलीच्या बाबतीत असे झाले नाही. बोल्ट, मॅगझिन, बोअर हे शब्द जसेच्या तसे राहिले. इंग्रजीत मात्र लष्करी रायफल शिकारीची करण्याच्या क्रियेला ‘स्पोर्टराइझ’ असे स्वतंत्र क्रियापद रूढ झाले. मराठीला तशा क्रियापदाची गरज पडली नाही, कारण ती क्रिया मराठी माणसाच्या हातून झाली नाही. ठासणीची बंदूक गावात उघडली जाई, साफ होई, दुरुस्त होई. रायफल कारखान्यातून पूर्ण होऊन येई.

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद पुढे संपुष्टात आणला. शिकारी रायफलीचे नाव उरले, तिचे मूळ प्रयोजन गेले. धान राखण्याचा प्रश्न मात्र शिकारीबरोबर संपला नाही. लष्करी रायफलीच्या नागरी रूपांतराचा इतिहास पाहताना बहुधा शिकाऱ्याचेच नाव पुढे येते. या रूपांतरापासून दूर ठेवला गेलेला, ठासणीची बंदूक घेऊन रात्र जागणारा शेतकरी हाही त्याच इतिहासाचा भाग आहे, हे भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते.