शनवार तेल्यांची मुलं आणि हिब्रूची अक्षरं



राजपूरकर, दिवेकर, केहीमकर, झिराडकर, अष्टमकर. ही आडनावं ऐकली की कोकणातली मराठी घरं डोळ्यांपुढे येतात, आणि ती तशीच आहेत. पण ही आडनावं बेने इस्राएल समाजाची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची. ज्या गावात घर, त्या गावावरून नाव, अगदी आपल्यासारखंच. गटांमध्ये आम्ही हे सांगितलं की बायका विचारतात, "ज्यू म्हणजे परदेशातले ना?" म्हणून आज त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची गोष्ट सांगायची ठरवली आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्यांचं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग नाही. त्यासाठी रायगड, ठाणे, मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. तरी तेरच्या मैत्रिणींना या गोष्टीची सुरुवात ओळखीची वाटेल. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचं, तेव्हाच्या तगरचं कापड गाड्यांवरून बंदराला जाई आणि तिथून गलबतांतून पश्चिमेच्या देशांत. ज्या समुद्रावरून माल जाई, त्याच समुद्रावरून माणसं येत. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. धर्माची पुस्तकं पाण्यात गेली.

वाचलेल्यांनी तिथेच घर केलं. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी मात्र घाणा बंद, कारण ज्यू धर्मात शनिवार हा विसाव्याचा दिवस. गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. हिब्रू, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा, विसरली गेली. ‘शमा’ नावाची एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची.

मग इतक्या पिढ्या धर्म टिकला कशावर? आमचं उत्तर असं की बराचसा चुलीवर. त्यांच्या सणांची जुनी नावं बघा. खिरीचा सण, त्या दिवशी नारळाच्या दुधातली खीर. बिरड्याचा सण, म्हणजे मोड आलेल्या वालाचं बिरडं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या दुःखाचा तो दिवस. ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणजे घरातलं आंबट कालवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. ज्यू धर्मात वल्हांडणाच्या सणाला आंबवलेलं काही घरात चालत नाही. त्यामागची कथा पुसट झाली, पण भांडं झाकायचं हे घरातली बाई विसरली नाही. लेकीला आईने सांगितलं, सुनेला सासूने. पुस्तक नव्हतं, तिथे स्वयंपाकघर होतं.

पुढची गोष्ट तर आम्हाला फार आवडते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. तो कधी आला याबद्दल अभ्यासकांत वाद आहे; कुणी हजार वर्षांपूर्वी म्हणतात, कुणी अठराव्या शतकात. शनिवार पाळणारे लोक पाहून त्याला वाटलं, हे आपलेच असावेत. खात्री करायला त्याने बायकांना निरनिराळे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. ज्यू धर्माचा नियम नेमका हाच आहे. म्हणजे पूर्ण समाजाची परीक्षा झाली ती बायकांच्या हातून, तीही एक अक्षर न वाचता. मग रहाबीने तीन जणांना हिब्रू आणि धर्माचे विधी शिकवले. त्यांना ‘काजी’ म्हणू लागले, आणि ते काम त्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चाललं. परीक्षा बायकांनी दिली, शाळेत बसले पुरुष! यावर आमच्या बैठकीत बराच हशा झाला होता.

पुढे १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. हे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईच्या ‘मशीद बंदर’ स्टेशनाचं नाव याच वास्तूवरून पडलं, असं सांगतात. केरळातल्या कोचीनहून ज्यू शिक्षक येऊ लागले आणि मुलं हिब्रू अक्षरं गिरवू लागली.

ही भाषा शिकणं मराठी मुलाला कसं जात असेल? अक्षरं बावीस, सगळी व्यंजनं. पहिलं अलेफ, दुसरं बेत. लिहायचं उजवीकडून डावीकडे, आपल्या मुस्लिम मैत्रिणींची मुलं अरबी आणि उर्दू लिहितात तसं. काना, मात्रा, वेलांटीच्या जागी अक्षराच्या खाली-वर ठिपके आणि बारक्या रेघा. मुलांच्या पुस्तकात त्या असतात. पण सिनेगॉगमधली मोठी गुंडाळी, हाताने लिहिलेला तोरा ग्रंथ, त्यात एकही ठिपका नसतो. समजा मराठीत नुसतं ‘पण’ लिहिलं आणि ते कधी ‘पाणी’ वाचायचं, कधी ‘पुणे’, कधी ‘पणा’, तर? म्हणून वाचन ऐकूनच शिकावं लागतं, सुरासकट. तेराव्या वर्षी मुलाने सगळ्यांसमोर तोऱ्यातून वाचायचं असतं. त्या दिवसापासून तो धर्माच्या दृष्टीने मोठा होतो. मुलींना जुन्या रीतीत ही पाळी नव्हती.

हिब्रू शिकवायला आणखी कोण पुढे आलं? ख्रिस्ती मिशनरी. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलंही जात आणि मुलीही. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता: हे लोक आपला ग्रंथ वाचू लागले की आपल्या धर्मात येतील. झालं उलटंच. समाजाने व्याकरण घेतलं, शाळा घेतली, आणि शिकलेल्या हिब्रूतून आपलीच प्रार्थना नीट म्हणायला सुरुवात केली. धर्म बदलणारे फार थोडे निघाले.

मग समाजातूनच शिकवणारे तयार झाले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर मुंबईच्या सासून शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी प्रार्थनेची कितीतरी पुस्तकं मराठीत आणली. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची पोथी, तिला हगादा म्हणतात, १८४६ साली मुंबईत हिब्रू आणि मराठीत निघाली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या हगाद्यात चित्रं आहेत आणि त्यांत लुगड्यातल्या बाया बिनआंबवलेली भाकरी करताना दिसतात. या रात्रीची रीत अशी की घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे: आजची रात्र वेगळी का? आंबवलेलं का नाही खायचं? आणि मोठ्यांनी मिसर देशातल्या गुलामीतून सुटकेची कथा सांगायची. आजीने भांडं झाकलं त्याचं कारण नातवाला आता पोथीतून कळलं, तेही मराठीत.

त्याच वेळी दुसरंही घडलं. शिक्षकांनी सणांची हिब्रू नावं आणली आणि ‘अनशी ढाकायचा सण’ मागे पडून ‘पेसाह’ आला. शिकलेली सून घरात आली की सासूच्या रीती एकदम अडाणी ठरतात, तसंच काहीसं. अक्षरं येणं चांगलंच, यात आम्हाला शंका नाही. पण ज्यांनी मासे वेगळे काढले त्यांना कुणी गुरू म्हटलं नाही, हे मनाला लागतं.

१८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली, इस्रायलाइट स्कूल. पुढे तिचं नाव सर एली कदूरी शाळा झालं. शाळेचं शिक्षण आणि हिब्रू एकाच छपराखाली आलं. आणि इथे एक बाई मुख्य खुर्चीवर बसली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रेबेका रूबेन या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत त्यांनी ती चालवली. तोऱ्यापुढे उभं राहायची पाळी ज्यांना नव्हती, त्यांच्यातलीच एक आता समाजाच्या मुलामुलींची शाळा चालवत होती.

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि समाजातले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. तिथे पुन्हा परीक्षा झाली. १९६२ साली तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं: बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याची आई, आजी, पणजी ज्यू होती का ते तपासा. हिब्रू येत होतं, प्रार्थना येत होत्या, तरी बोट ठेवलं ते घरातल्या बायांवर. मराठी ज्यू रस्त्यावर उतरले, धरणं धरली. १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य केलं आणि धर्मगुरूंना ते फर्मान मागे घ्यावं लागलं.

आज भारतात हा समाज चार-पाच हजारांच्या आसपास उरला आहे, बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या काही सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं कठीण जातं. आणि इस्राएलमध्ये चित्र उलटं झालंय. तिथे नातवंडं हिब्रूतच भांडतात आणि हिब्रूतच हसतात. मराठी मुद्दाम शिकवावी लागते. तिथून मराठीत एक नियतकालिक निघतं, त्याचं नाव ‘मायबोली’.