कुत्र्याचे देणे

उणकल हे हुबळी आणि धारवाड यांच्यामधले जुने गाव. आता ते महानगरपालिकेत विरघळून गेले आहे. पण गोव्याहून लोंढामार्गे हुबळीला जाताना धारवाड मागे पडले, की उणकलची पाटी अजून दिसते. माझी थोरली बहीण तिथे दिलेली, म्हणून माझ्या वर्षाला एकदोन खेपा होतातच. गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले चंद्रमौळेश्वराचे देऊळ आहे, आणि पुणे-बंगळूर रस्त्याला लागून मोठे तळे आहे. तळ्याकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांइतकीच कुत्रीही असतात. त्यांच्या गळ्यात पट्टा नाही, त्यांना मालक नाही. तरीही प्रत्येकाची गल्ली ठरलेली, चहाचा गाडा ठरलेला, बिस्कीट टाकणारे आजोबाही ठरलेले. ही कुत्री कोणी पाळलेली नाहीत आणि रानटीही नाहीत. मग हे नाते जुळले तरी कधी आणि कसे?

शाळेत आपल्याला सांगितले होते, की आदिमानवाने लांडग्याची पिल्ले धरून आणली, वाढवली आणि त्यांचा कुत्रा झाला. इतके सोपे ते नसावे. कुत्रा लांडग्यापासून आला याविषयी शंका उरलेली नाही. मात्र तो आपल्या माळावरच्या लांडग्यापासून आलेला नाही. कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ बंकापूरला ज्याच्यासाठी अभयारण्य राखले आहे, तो आपला भारतीय लांडगा फार जुन्या, वेगळ्या शाखेचा. म्हणजे कुत्र्याचा बाप नव्हे, लांबचा चुलता. कुत्र्याचे खरे पूर्वज हिमयुगातले लांडगे होते आणि त्यांचा तो कळप आज पृथ्वीवर शिल्लक नाही.

हे घडले तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हते, गाय-शेळीही माणसाळलेली नव्हती. कुत्रा हा माणसाकडे आलेला पहिला प्राणी. काही अभ्यासक म्हणतात, शिकाऱ्यांच्या तळाभोवती पडणाऱ्या हाडा-मांसासाठी लांडगे जवळ येऊ लागले. त्यांतले जे कमी भित्रे आणि कमी चावरे, ते टिकले. दुसरे म्हणतात, हिवाळ्यात माणसाला नुसते चरबीविरहित मांस पचवता येत नसे, ते उरायचे आणि लांडग्यांना मिळायचे. कोणतेही मत घ्या, सुरुवात उरलेल्या घासापासून झाली हे दोन्हींत समान आहे. स्वभाव निवडला की शरीरही बदलते, हे रशियात नोवोसिबिर्स्कला दाखवून दिले गेले. 1959 पासून द्मित्री बेल्यायेव यांनी प्रत्येक पिढीतले सर्वांत माणसाळू कोल्हे तेवढे निवडले. थोड्याच पिढ्यांत ते शेपूट हलवू लागले, काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले.

या नात्यात नुसता व्यवहार नव्हता, याचा पुरावा जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला आहे. तिथे 1914 मध्ये एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर पुरलेले कुत्र्याचे पिल्लू सापडले. काळ सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचा. 2018 मध्ये त्याच्या दातांचा पुन्हा अभ्यास झाला. सुमारे सात महिन्यांच्या त्या पिल्लाला डिस्टेंपर हा जीवघेणा आजार झाला होता आणि तरीही ते कित्येक आठवडे जगले होते. आजारी पिल्लू शिकारीला निरुपयोगी. त्याला कोणीतरी पाणी पाजले, ऊब दिली, म्हणूनच ते तितके दिवस जगले.

पुढे शेती आली आणि माणसाबरोबर कुत्राही धान्य खाऊ लागला. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळल्या. हे संशोधन 2013 चे. म्हणजे आपली भाकरी आणि आपली पेज त्याच्या रक्तात उतरली आहे. बदल्यात त्याने राखण केली, शिकार केली, मेंढरे सांभाळली. महाराष्ट्रात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतल्या एका रथाला दोन बैल जुंपले आहेत, हाकणारा माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या मूर्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या कारागिराने ब्राँझ वितळवून तो कुत्रा घडवला, त्याला कुत्र्याशिवाय गाडी पुरी वाटली नसावी.

मी सरकारी कचेरीतला कारकून. करार म्हटला की तो कागदावर कुठे आहे, हे आधी पाहण्याची मला सवय. माणूस आणि कुत्रा यांच्यातला व्यवहार लेखी कुठे आहे? तर तो कर्नाटकात आहे, दगडावर.

मंड्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात आतकूर नावाचे गाव आहे. तिथला शिलालेख शके 872 चा, म्हणजे इ. स. 949-50 चा. सध्या तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्या वेळी राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण मान्यखेटाहून राज्य करीत होता. आपल्या दक्षिण कोकणातले शिलाहार त्याच घराण्याचे मांडलिक. तक्कोलमच्या लढाईत कृष्णाचा मेहुणा, गंग घराण्यातला बूतुग, याने चोळ राजपुत्र राजादित्याला मारले. बक्षीस म्हणून बूतुगाला बनवासी, बेळवोल, पुरिगेरे असे प्रांत मिळाले. बेळवोल म्हणजे गदग-अण्णिगेरीचा भाग आणि पुरिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर. उणकलहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, अशीच ही गावे.

बूतुगाच्या हाताखाली मणलेर नावाचा एक सरदार त्या लढाईत पराक्रमाने लढला होता. राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, माग. धनी प्रांत घेत होता, अशा वेळी या मणलेराने मागितला एक कुत्रा! काळी नावाचा नामांकित शिकारी कुत्रा. तो त्याला मिळाला. पुढे बेळतूरच्या डोंगराखाली एका दांडग्या रानडुकरावर काळीला सोडले. दोघे भिडले आणि दोघेही तिथेच मेले.

मणलेराने आतकूरच्या देवळासमोर दगड उभारला, त्यावर कुत्रा आणि डुकर यांची झुंज कोरून घेतली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन दिली. लेखात एक अटही घातली. या जमिनीची व्यवस्था पाहणारा गोरव, म्हणजे शैव पुजारी, दगडाची पूजा न करता जेवला तर त्याला कुत्र्याचे पाप लागेल. माझ्या लेखी हीच ती करारावरची सही. आधी त्याचे, मग तुझे पान.

वीरगळ आपल्याला नवे नाहीत. कदंबांच्या काळचे वीरगळ जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहेत. तेच कदंब धारवाडच्या मुलखावरही राज्य करीत होते. पण ते दगड माणसांचे, आतकूरचा कुत्र्याचा. मराठी वाचकाला इथे रायगडावरचा वाघ्या आठवेल. त्याच्या कथेला शिवकालीन कागदांत आधार नाही. त्याचा पुतळा 2012 मध्ये हलवला गेला, पुन्हा बसवला गेला आणि 2025 मध्ये वाद परत उफाळला. त्या वादात मी पडत नाही. काळीचा लेख मात्र त्याच्या धन्याने त्याच काळी कोरवून घेतलेला आहे.

गोरव हा शब्द अजून जिवंत आहे. मैलारलिंगाचे, म्हणजे आपल्या खंडोबाचे, कानडी भक्त आज गोरव किंवा गोरवय्या म्हणवतात. अंगावर काळी कांबळ, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी. हडगलीजवळच्या मैलारला आणि 1997 पर्यंत धारवाड जिल्ह्यात असलेल्या राणीबेन्नूर तालुक्यातल्या देवरगुड्डाला त्यांची मोठी जत्रा भरते. ते देवाची कुत्री होऊन भुंकतात आणि 'दोणी'त वाढलेला प्रसाद थेट तोंड घालून खातात. जेजुरीचा वाघ्या वाघाचे नाव लावतो, पण देवापुढे भुंकतो कुत्र्यासारखाच. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. धनगर-कुरुबांचा देव म्हटल्यावर कुत्रा त्याच्या दाराशी असणार, कारण रात्री लांडग्यापासून मेंढरे राखणारा तोच. सेवकाने आपल्याला देवाचा कुत्रा म्हणवून घ्यावे, यापेक्षा इमानाचा मोठा दाखला कोणता?

राजांनीही त्याची कदर केली. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. लांब पाय, खोल छाती, निमुळते डोके आणि डोळ्यांनी शिकार हेरणारा तिथला कुत्रा. खेड्यापाड्यांत त्याला कारवानी म्हणत. मालोजीराव घोरपड्यांनी त्याची पैदास जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. 2005 मध्ये मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले आणि पुढे लष्करानेही त्याची पिल्ले शिकवायला घेतली.

पण मुधोळचा कुत्रा एक आणि तळ्याकाठची कुत्री शंभर. त्यांच्याविषयी आपण काय केले? मुंबईत कंपनी सरकारने बेवारशी कुत्री मारण्यासाठी बक्षीस लावले, तेव्हा पैशांसाठी राखणीची कुत्रीही मारली जाऊ लागली. जून 1832 मध्ये पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजही सामील झाले आणि शहर बंद पडले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे, पण ती चीड एका धर्मापुरती राहिली नव्हती. आज प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. रेबीजने माणसे मरतात, त्यांत लहान मुले फार. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. त्याआधी ऑगस्टमध्ये खाऊ घालण्याच्या जागा ठरवून देण्यास सांगितले होते. मुलाला चावा बसलेल्या आईला आतकूरचा दगड दाखवून काही उपयोग नाही, हे मला कळते. माझ्याही घरी लहान मुले आहेत.

तरी गोव्याने एक वाट दाखवली आहे. 2013 नंतर इथे वाड्या-वाड्यांवर जाऊन, जाळ्यांनी धरून कुत्र्यांना लस टोचण्यात आली. शाळांतून मुलांना शिकवले गेले. रेबीज झपाट्याने घटला आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे काम ना दयेने झाले ना रागाने. ते याद्या आणि नोंदी ठेवून, दरवर्षी न चुकता झाले. कारकुनाला ही भाषा समजते.

मणलेराने तरी दुसरे काय केले? काळी मेल्यावर तो नुसता रडला नाही. जमीन नेमून दिली, माणूस नेमला आणि चुकारपणाची शिक्षाही लिहून ठेवली. निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी आपणच उरलेला घास टाकून त्याला रानातून बोलावले. त्याने त्याची बाजू अजून मोडलेली नाही. कुठल्याही गल्लीत रात्री परका माणूस शिरून पाहावा. आपली बाजू म्हणजे शिळी पोळी भिरकावणे एवढीच नव्हे. लस, नसबंदी, कचऱ्याचा बंदोबस्त आणि घासाची ठरलेली जागा, हे आजचे त्याचे देणे आहे. ते पंचायतीच्या आणि पालिकेच्या खर्चाच्या यादीत दरसाल लिहिलेले दिसावे, एवढेच माझे म्हणणे.