कंदीलपुष्प (सेरोपेजिया)
रुईच्या कुळातील वंश. महाराष्ट्रातील बहुतेक जाती कंदधारी. हरिश्चंद्रगडासारख्या सह्याद्रीच्या कड्यांवर काही दुर्मिळ जाती आढळतात. पाऊस सरला की वरचा भाग वाळतो, कंद मात्र जमिनीत उन्हाळा काढतो. फुलाची रचना विलक्षण आहे: नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे आत शिरलेली माशी अडकते आणि केस सुकल्यावर परागपुंज घेऊन सुटते.

नागपूरलगतच्या बेसा परिसरात कंद कुंडीतच लावावा. काळ्या चिकण मातीत पाणी साचून तो कुजतो, म्हणून मुरूम, जाड वाळू व थोडे पानखत वापरावे. वेल वाळताच पाणी तोडावे, कुंडी सावलीत हलवावी. पहिल्या पावसानंतर कोंब येतो. रानातील कंद मुळीच उपटू नयेत. या वंशाच्या संवर्धनात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे काम मोलाचे आहे.