‘प्राचीन आणि आधुनिक’: माया संस्कृतीवरील व्याख्यानांचा एक धडा

माया संस्कृतीवरील सार्वजनिक व्याख्यानांना पुष्कळदा ‘प्राचीन आणि आधुनिक माया’ असे शीर्षक असते. या शीर्षकातला ‘आणि’ फार निरुपद्रवी दिसतो. त्याच्या एका बाजूला तिकाल आणि पालेंकेची शिखरे, पंचांग आणि शिलालेख. दुसऱ्या बाजूला ग्वाटेमालाच्या डोंगरांतले आणि मेक्सिकोतल्या युकातानमधले विणकर, मकाशेती करणारे शेतकरी, शिक्षक आणि कवी. पहिल्या बाजूचे श्रोत्यांना कौतुक, दुसऱ्या बाजूविषयी फार तर कुतूहल. (येथे ‘माया’ हे एका जनसमूहाचे नाव आहे; आपल्या वेदान्तातील मायेशी त्याचा संबंध नाही, हे सांगणे नको.) माझ्या मते गेल्या काही दशकांतील माया अभ्यासाचा खरा इतिहास म्हणजे या ‘आणि’चा इतिहास होय. प्राचीनाबद्दल बोलणाऱ्यांसमोर श्रोता म्हणून कोण बसले होते, या प्रश्नापासून तो सुरू होतो.

त्याचे एक बीज सोळाव्या शतकातल्या एका प्रश्नोत्तरात सापडते. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा याने माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. पुढे याच लांदाने युकातानच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात माया लिपीची ‘मुळाक्षरे’ नोंदवली. त्याची समजूत अशी की, स्पॅनिशसारखी याही लिपीत एकेका ध्वनीला एकेक अक्षर असणार. त्याने स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारली आणि माया लेखकाने त्या नावांतली अक्षरे, म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची जोडी, आपल्या चिन्हांत लिहून दिली. लांदाने ‘बे’ म्हटले, लेखकाने ‘बे’ लिहिले. उदाहरण म्हणून एखादे वाक्य लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्या लेखकाने लिहिले, ‘मा इन काती’. अर्थ : मला नको. (संस्कृतातल्या निषेधार्थी ‘मा’शी याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.) हा कंटाळा होता, थट्टा होती की निषेध, हे कळण्याचा मार्ग आज नाही. पण जित समाजाच्या माणसाचा एवढा स्पष्ट नकार जेत्याच्याच ग्रंथात टिकून राहावा, हे विलक्षण आहे.

लांदाच्या ग्रंथाची संक्षिप्त प्रत माद्रिदमध्ये सापडली आणि १८६४ मध्ये छापली गेली. तोवर ही लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते आणि पोथ्या म्हणाव्यात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विसाव्या शतकाच्या मध्यात या क्षेत्रावर जे. एरिक टॉमसन या इंग्रज विद्वानाचा दरारा होता. त्याच्या मते ही चिन्हे ध्वनी लिहीत नाहीत. ती काळाचे आणि देवतांचे चिंतन मांडतात. या मताचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. चिन्हे जर कोणतीच बोली लिहीत नसतील, तर ती वाचण्यासाठी जिवंत माया भाषिकाची गरज उरत नाही.

१९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने लांदाची तथाकथित मुळाक्षरे अक्षरचिन्हे म्हणून वाचून दाखवली. ड्रेस्डेन येथील पोथीत टर्कीच्या चित्रावर त्याने ‘कु-त्झु’ वाचले. युकातानच्या मायेत टर्कीला ‘कुत्झ’ म्हणतात. शेवटचा स्वर उच्चारात गळतो, एवढाच नियम. टॉमसनने त्याची कठोर संभावना केली आणि शीतयुद्धाच्या वातावरणात ती बराच काळ ग्राह्य मानली गेली. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास येथील शिलालेखांवरील तारखांमधली अंतरे तपासली आणि ती माणसाच्या आयुष्याशी, जन्म, राज्यारोहण, मृत्यू यांच्याशी जुळतात हे दाखवले. म्हणजे शिळांवर इतिहास होता आणि तो एका भाषेत लिहिलेला होता.

येथून पुढे व्याख्यानाला महत्त्व येते. डिसेंबर १९७३ मध्ये पालेंके येथे भरलेल्या परिषदेत लिंडा शील ही चित्रकलेची शिक्षिका आणि पीटर मॅथ्यूज हा विद्यार्थी यांनी काही तासांत तिथल्या राजांचा क्रम जुळवला आणि लगेच श्रोत्यांसमोर मांडला. १९७७ पासून शीलने टेक्सासमधील ऑस्टिन येथे या लिपीच्या खुल्या कार्यशाळा सुरू केल्या. पदवीची अट नव्हती. वही-पेन्सिल घेऊन कोणीही यावे आणि शिलालेख वाचायला शिकावे. बंदिस्त विद्येचे असे लोकशाहीकरण फारसे पाहायला मिळत नाही. तरीही एक उणीव होती. ज्यांच्या पूर्वजांचे हे लेखन, ते या श्रोतृवर्गात जवळजवळ नव्हते.

ते कोठे होते? ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे सशस्त्र संघर्ष चालू होता. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १९८१ ते १९८३ या काळात राज्यसंस्थेने काही माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये केली, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. तिकालच्या मंदिरांचा अभिमान बाळगणाऱ्या देशात ती बांधणाऱ्यांच्या वंशजांची गावे जळत होती. ‘प्राचीन आणि आधुनिक’ यांच्यामधली दरी केवळ वैचारिक नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकांना या दुभंगाचे एक ठळक उदाहरण परिचित असेल. १९६७ चे नोबेल मिळवणारे मिगेल आंखेल आस्तुरियास यांनी किचे मायांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथाचा स्पॅनिश अनुवाद करण्यात भाग घेतला आणि आपल्या कादंबऱ्यांत माया पुराणकथांना स्थान दिले. पण त्यांच्याच १९२३ च्या प्रबंधात, युरोपीय स्थलांतरितांशी संकर घडवून ‘इंडियन’ समाज सुधारावा असा उपाय सुचवला होता. किचे कवी उम्बेर्तो आकाबाल यांनी २००४ मध्ये आस्तुरियास यांच्या नावाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार याच कारणास्तव नाकारला. ‘मा इन काती’ची ती आधुनिक आवृत्तीच म्हणावी लागेल.

मात्र या इतिहासात केवळ नकार नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शील आणि निकोलाय ग्रूबे यांनी ग्वाटेमालात माया भाषिकांसाठी कार्यशाळा घेण्यास प्रारंभ केला. येथे श्रोता बदलला आणि त्याबरोबर व्याख्यानाचे स्वरूपही बदलले. शिलालेखांतील वाक्यात क्रियापद आधी येते, ही बाब परकीय विद्यार्थ्याला घोकावी लागे. घरी माया भाषा बोलणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. १९९० मध्ये ग्वाटेमालात माया भाषांच्या अकादमीला कायद्याने मान्यता मिळाली. किचे विद्वान लुईस एन्रिके साम कोलोप यांनी ‘पोपोल वुह’ची मूळ भाषेतली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आज माया समाजातील लेखक याच लिपीत नव्या शिळा कोरतात.

अर्थात येथे सावध राहिले पाहिजे. शिलालेखांची भाषा आजच्या चोल आणि चोर्ती या भाषांच्या शाखेला जवळची आहे. किचे वा काक्चिकेल भाषिकाला ती आपोआप उलगडत नाही. सुमारे तीस भाषा बोलणाऱ्या या समूहांची ‘आम्ही सारे माया’ ही जाणीवही बव्हंशी विसाव्या शतकातली घडण आहे. म्हणून ‘काहीच बदलले नाही’ असे म्हणणे हाही ‘माया लुप्त झाले’ या जुन्या समजुतीइतकाच अन्याय ठरेल. वारसा रक्तातून आयता मिळत नाही. तो वर्गात बसून, पाठ गिरवून कमवावा लागतो. त्या कार्यशाळांतील माया विद्यार्थ्यांनी नेमके तेच केले.

लांदाच्या खोलीत प्रश्न विचारणारा एक होता आणि उत्तर देणाऱ्याला त्या प्रश्नात रस नव्हता. चार शतकांनंतर प्रश्न विचारणारेच माया होते : हे चिन्ह आमच्या भाषेत कसे वाचायचे? ‘प्राचीन आणि आधुनिक’ यांतला ‘आणि’ तेव्हा प्रथम सार्थ झाला. एखाद्या प्राचीन वाङ्मयावर आपण बोलायला उभे राहतो तेव्हा ते ज्यांचे आहे ती माणसे सभागृहात आहेत का, एवढे पाहण्याची सवय या इतिहासापासून आपणही लावून घ्यायला हरकत नाही.